लिंकनला जाणारी बस

बाबांच्या दहाव्याला कावळा यायला फार वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात माझ्या पुढच्या महिन्यांचा निकाल लागून गेला.

इलिनॉयमधल्या शॉमबर्गजवळ जे जंगल राखून ठेवलं आहे त्यातल्या तळ्याकाठी आम्ही जमलो होतो. एप्रिलची सुरुवात होती, काठावर बर्फाचा काळपट पापुद्रा अजून शिल्लक होता. गुरुजी एरवी एका विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळतात. सकाळची एक मीटिंग त्यांनी कॅन्सल केली होती, दुसरी करता येणार नव्हती, आणि हे त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पिंड मी ठेवले, कारण मी एकुलती एक. त्यावर कोणी काही म्हणालं नाही. इथे आलेल्या माणसांनी यापेक्षा मोठ्या गोष्टी सोडून दिलेल्या असतात.

कावळे होते. मागच्या ओकच्या झाडावर बसून ते आमच्याकडे बघत होते. पण आधी आली ती कॅनडा गीझ, म्हणजे बदकांहून मोठी आणि शेजाऱ्यांहून भांडकुदळ अशी ती पाखरं. माना पुढे काढून ती थेट पिंडांकडे निघाली. जगन्नाथकाकांनी छत्री उघडून त्यांना अडवलं. काका बाबांचे इथले सर्वांत जुने मित्र, निवृत्त इंजिनिअर, आणि मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे आताचे संपादक. कॅनव्हासचे बूट घालून, उघडी छत्री ढालीसारखी धरून ते पाखरांशी मराठीत भांडत होते, आणि मला वाटून गेलं की बाबांना हे पाहायला हवं होतं.

मग सुरू झालं इच्छा ओळखणं. कावळा शिवत नाही म्हणजे माणसाचं काहीतरी राहिलेलं असतं. ते काय ते ओळखायचं आणि पुरं करू असं मोठ्याने सांगायचं. कोणी म्हणालं, गुरुनाथ, मंडळाच्या कपाटातल्या पुस्तकांना तुझं नाव देऊ. कोणी म्हणालं, नीलावहिनींना, म्हणजे माझ्या आईला, बर्फात गाडी चालवू देणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. गुरुजींनी घड्याळाकडे पाहून सांगितलं की दर्भाचा कावळा करून शिवता येतो, शास्त्रात तशी सोय आहे. आई म्हणाली, "नको. खरा येईल."

तेव्हा जगन्नाथकाकांनी छत्री मिटली, पिंडांसमोर हात जोडले आणि भाषणाला उभं राहिल्यासारखे म्हणाले, "गुरुनाथ, तुझं गाव अर्धं राहिलंय. सावनी ते पुरं करील. पुरं होईपर्यंत ती कुठे जात नाही, वहिनींपाशीच राहील. तू निश्चिंत जा."

कावळा उतरला. पहिल्या पिंडाला चोच लावून त्याने भात उचलला.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कोणीतरी रडलं. काकांनी माझ्याकडे अशा ओल्या डोळ्यांनी पाहिलं की जणू ते वाक्य मीच बोलले होते. मी एक अक्षर बोलले नव्हते. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, बाबांचाही नव्हता. पण आईचा चेहरा मी पाहिला. दहा दिवसांत पहिल्यांदा तो सैल झाला होता, आणि नाही म्हणायचं सोडून मी तिची शाल सारखी केली.

बाबांचं गाव म्हणजे सांगली नव्हे. बाबांचं गाव म्हणजे स्कार्थबी, इंग्लंडातलं, लिंकनशायरमधलं. नकाशात शोधायला भिंग लागतं. तरुण डॉक्टर म्हणून बाबा एकोणीसशे एकोणसत्तरमध्ये तिथल्या दवाखान्यात कामाला लागले. सगळी मिळून चारएक वर्षं ते तिथे होते, आणि मग अमेरिकेला आले ते कायमचे. माझा जन्म इथला. मराठी मी बाबांकडून शिकले, तेही दिवाळी अंकाची प्रुफं वाचता वाचता. कारण मंडळाचा अंक ते वर्षानुवर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर काढत, आणि चुका शोधायला माझ्याइतकं स्वस्त माणूस त्यांना दुसरं मिळालं नसतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्कार्थबीचा इतिहास लिहायला घेतला. दर दिवाळी अंकात एक प्रकरण, एकेका प्रकरणात एकेक काळ. लोक थट्टा करायचे. डॉक्टर, सांगलीचा लिहा की. बाबा सांगायचे, सांगलीचा लिहायला सांगलीत माणसं आहेत, स्कार्थबीचा मराठीत लिहायला पृथ्वीवर मी एकटाच आहे.

ते लिहीत छान. पहिली माणसं आली ती झऱ्यासाठी. सॅक्सन लोकांनी रान तोडून टेकडीच्या पोटाशी झोपड्या घातल्या. त्यांनी गावाला काय नाव दिलं होतं ते आता कोणालाच ठाऊक नाही, कारण मागून डेन आले आणि त्यांनी आपलं नाव ठेवलं. बाबांनी समजावलं होतं, आपल्याकडे वाडी तसं त्यांच्याकडे बी. मग नॉर्मन आले आणि त्यांनी करासाठी सगळ्यांचे नांगर मोजले. मग प्लेग आला, निम्मी घरं ओस पडली, माणसांच्या जागी मेंढ्या आल्या आणि मेंढ्यांच्या लोकरीवर चर्चला मनोरा चढला. पुढे पार्लमेंटच्या कायद्याने गायरानाला कुंपणं पडली आणि ज्यांच्याकडे एकच गाय होती ती माणसं कारखान्यांच्या गावांकडे चालू लागली. रेल्वे आली, पण शेजारच्या गावाला. पहिल्या महायुद्धातून जी मुलं परतली नाहीत त्यांची नावं चौकातल्या दगडी क्रुसावर कोरली गेली. दुसऱ्या महायुद्धात गावाबाहेरच्या शेतात विमानांसाठी धावपट्टी झाली आणि युद्ध संपल्यावर ती उखडून तिथे पुन्हा बटाटे लावले. इथे बाबा थांबले होते. बटाट्यांपासून आजपर्यंतचा काळ राहिला होता, म्हणजे ज्यात ते स्वतः गावात होते तोच. आम्ही सगळे समजत होतो, आजारपणामुळे राहिला.

या सगळ्यात माझं आवडतं प्रकरण मध्येच होतं. जमिनीला बांधलेल्या कुळांचं. जहागीरदाराच्या परवानगीवाचून कुळाला गाव सोडता येत नसे, मुलीचं लग्नही परवानगीवाचून करता येत नसे. बाबांना जहागिरीच्या कचेरीतली एक नोंद मिळाली होती. वॉल्टरची मुलगी ॲलिस न विचारता लिंकन शहरात गेली आहे, तिला परत आणावे. पुढच्या वर्षीच्या नोंदीतही तेच, तिला परत आणावे. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग ॲलिसचा उल्लेख येईनासा होतो. बाबांनी खाली तळटीप दिली होती की पळालेलं कूळ राजाची सनद असलेल्या शहरात वर्ष आणि एक दिवस राहिलं की त्याच्यावरचा मालकाचा हक्क संपत असे. एवढंच. एरवी पानभर टिपा देणारे बाबा तिच्याबद्दल आणखी काही म्हणाले नव्हते.

इलिनॉयच्या गाड्यांच्या नंबरपाटीवर राष्ट्राध्यक्ष लिंकनचं नाव असतं. पहिली गाडी घेतली तेव्हा बाबा म्हणाले होते, लिंकनशायरहून निघालो आणि लिंकनच्याच राज्यात येऊन पोचलो, मग एवढा प्रवास केला कशाला? हा विनोद ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. आई तेव्हा हटकून चहा पाहायला आत जाई.

मी पोर्टलंडला राहते, एका वाचनालयात काम करते. बाबा गेले तेव्हा रजा घेऊन आले होते. ती रजा वाढवली, मग बिनपगारी केली. मला वाटलं होतं एक प्रकरण लिहायला काय लागतं, एक उन्हाळा. माझ्या शाळकरी खोलीत, माझ्याच जुन्या टेबलावर, खिडकीला अजून तेच फुलपाखरांचे पडदे असताना मी ते लिहायला बसले. गावाच्या वेबसाइटवर बरंच काही होतं. शाळा कधी बंद पडली, दवाखाना केव्हा गेला, त्या इमारतीत आता सुट्टीला येणाऱ्यांसाठी भाड्याचं घर आहे, पबमध्ये थाई जेवण मिळतं. जूनमध्ये मी प्रकरण लिहून आईला दिलं.

आईने ते मागच्या अंगणात बसून, चष्मा पुसून पुसून वाचलं. म्हणाली, "चांगलं आहे. पण त्यांचं नाही वाटत."

मी पुन्हा लिहिलं. या वेळी ती म्हणाली, रस्ता चर्चकडे चढतो, तू उतरवलास. मी उपग्रहाच्या नकाशावर पाहिलं, खरंच चढत होता. पुन्हा लिहिलं. ब्रेडची गाडी मंगळवारी यायची, गुरुवारी नाही. मला वाटलं, बाबा सांगत असतील ते हिने लक्षात ठेवलंय. चौथ्या खेपेला 'तथापि' हा शब्द बाबा वापरत नसत. पाचव्या खेपेला शेवट घाईचा वाटत होता. प्रत्येक वेळी ती कागद नीट जुळवून, कोपरे टेबलावर आपटून माझ्या हातात देई, आणि मग प्रेमाने विचारी, रात्री आमटी करू की कढी?

बाहेर मी कोण आहे हे ठरून गेलं होतं. मंडळाच्या पिकनिकला लोक माझी ओळख करून देत, ही गुरुनाथांची सावनी, गाव पुरं करतेय. मग पुढचा माणूस विचारी, कुठवर आलं? जसं काही बांधकाम चाललं होतं आणि स्लॅब पडायचा होता. सगळे त्या दहाव्याला हजर नव्हते, पण कावळा सगळ्यांनी पाहिला होता. एक काकू मला म्हणाल्या, तुला काय गं, एकटी आहेस, नवरा नाही, मुलं नाहीत, तुला कोण अडवणार? हे त्यांनी इथे राहण्याच्या बाजूने म्हटलं होतं. मी बशीतली कोशिंबीर संपवली.

घरात कोणी मला कशालाही नाही म्हणत नव्हतं, ही त्यातली अवघड बाब होती. आई आजारी नव्हती. ती स्वतः गाडी चालवत होती, हिशेबाची कामं करत होती, रोज सकाळी जवळच्या मॉलमध्ये चालायला जात होती. फक्त मी पोर्टलंडचं नाव काढलं की तिचं कुठेतरी दुखू लागे. गुडघा, पाठ, एकदा दाढ. आणि दुखतंय असं ती म्हणतही नसे. बसताना टेबलाचा आधार घेई, एवढंच. रस्ता आमच्या घरापाशी संपतो. समोर गोल वळण आहे, तिथून गाड्या परत फिरतात. सप्टेंबरमध्ये मी संध्याकाळी त्या वळणावर फेऱ्या घालू लागले, आणि एकदा लक्षात आलं की आपण कोपऱ्यापर्यंत जाऊन आपोआप परत येतो आहोत, पुढे जायला कोणी मनाई केलेली नसताना.

वाचनालयातून पत्र आलं. सभ्य होतं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रुजू व्हा, नाहीतर जागा भरावी लागेल. ती जागा मला फार वर्षांनी मिळाली होती, आणि माझ्या वयाला तशी पुन्हा मिळाली नसती. तिथे सकाळी दार उघडायच्या आधी मी कपाटांमधून एकटी चालते, परत आलेली पुस्तकं जागेवर ठेवते. दिवसातला तेवढा वेळ मी कोणाची कोण नसते. हे आईला समजावता येण्यासारखं नव्हतं. मी फक्त तारीख सांगितली.

ती म्हणाली, "दिवाळी अंकाचं तेवढं होऊ दे."

प्रीता आमच्या मागच्या टाउनहाउसमध्ये राहते. नागपूरची, आयटीत आहे, आईच्या हातचं खायला हक्काने येते. तिने मला गराजमध्ये गाठून सांगितलं, "ताई, तू बिनधास्त जा यार. काकूंना मी पाहते ना. रोज येतेच मी." मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, प्रीता गोड मुलगी आहे, पण तिच्या व्हिसाचं काय खरं, कंपनीने उद्या काढलं तर साठ दिवसांत चालती होईल. यात खोटं काही नव्हतं.

मग जगन्नाथकाकांचा फोन आला. अंक छापायला जायचा होता, गुरुनाथची पानं तेवढी राखून ठेवली होती. मी म्हटलं, काका, आईला पसंत पडत नाहीये. ते म्हणाले, मग घाई नको, पुढच्या वर्षी देऊ, मी तोवर आहेच. आणि स्वतःच्या विनोदावर हसले. फोन ठेवल्यावर मी माझ्या खोलीत जाऊन फुलपाखरांच्या पडद्यासमोर बसले. पुढच्या वर्षी. तिला परत आणावे. त्याच्या पुढच्या वर्षी. तिला परत आणावे.

ऑक्टोबरमधल्या त्या दुपारी आई स्वयंपाकघरातल्या खिडकीशी मेथी निवडत बसली होती. मी सातवा मसुदा घेऊन समोर बसले आणि या वेळी तिला वाचायला न देता मीच वाचून दाखवायला लागले. कागद हातात दिला की तो परत येई. ऐकून काय होतं ते पाहायचं होतं. बटाट्यांपासून सुरुवात केली. सरकारी आरोग्यसेवा, नवा दवाखाना, त्याच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरांची राहण्याची जागा. आई देठ खुडत होती. मी वाचलं, एकोणीसशे एकोणसत्तर साली स्कार्थबीत पहिलं भारतीय कुटुंब राहायला आलं.

"कुटुंब नाही आलं," आई म्हणाली. "डॉक्टर आले. मी वरच्या मजल्यावर होते."

मी थांबले. आईही तिथे होती हे मला ठाऊक होतं, पण तिला तिथलं काही विचारावं असं कधी सुचलं नव्हतं. तिने मान वर केली नाही. मेथी निवडता निवडताच ती सांगत गेली, मध्येच थांबत, कधी एखादी काडी उजेडात धरून बघत. बाबा सकाळी गाडी घेऊन बाहेर पडत ते दिवेलागणीला येत, कारण आजूबाजूच्या वाड्यावस्त्याही त्यांच्याकडे होत्या. गावातल्या बायका वाईट नव्हत्या. दुकानात भेटल्या की हवा कशी आहे ते सांगत, फार छान हसत, आणि दाराच्या आत कोणी पाऊल टाकत नसे. वरच्या खिडकीतून चौकातला क्रूस दिसे. त्यावरची नावं तिला पाठ झाली होती, आडनावांसकट, कारण वाचायला दुसरं काही नव्हतं. कोण कोणत्या नावापुढे फुलं ठेवतं तेही तिला माहीत होतं. बाबांना ते माहीत नव्हतं. रस्ता चढतो हे तिला माहीत होतं, कारण ती त्या रस्त्याकडे बघत बसे.

मी म्हटलं, तू हे कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, कोणी विचारलं नाही, आणि गाव तुझ्या बाबांचं होतं.

मग तिने चाळणी बाजूला सरकवली.

"बाजाराच्या दिवशी बस यायची. लिंकनला जायची. दुसऱ्या हिवाळ्यात मी एकदा पिशवी भरली. दोन साड्या, पासपोर्ट. तुझे बाबा कुठे प्रसूतीला गेले होते. थांब्यावर जाऊन उभी राहिले. बस आली, ड्रायव्हरने दार उघडलं. म्हातारा होता. येतेस ना, असं काहीतरी म्हणाला. मी नुसती उभी. तो थांबला, बराच वेळ थांबला, आत बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मग त्याने दार लावलं."

"कुठे जाणार होतीस?"

"लिंकनला." ती जरा हसली. "पुढचं काय माहीत. घरी येऊन भात लावला. ते आले, जेवले."

"बाबांना कळलं?"

"बसमधल्या बायका त्यांच्याच पेशंट की गं." तिने हात पदराला पुसले. "कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. वर्षभरात म्हणाले, अमेरिकेला जायचं का, तिथे आपली माणसं पुष्कळ आहेत म्हणे. आणि मग इतक्या वर्षांनी त्यांनी अंकात ती ॲलिस लिहिली. मी वाचली आणि अंक मिटून ठेवला. मला वाटलं, आता पुढचं प्रकरण येईल तेव्हा बघू काय लिहितात. ते तिथवर आलेच नाहीत."

बाहेर कोणाचा तरी लीफ ब्लोअर चालू होता. पानं आमच्या अंगणातून शेजारच्या अंगणात चालली होती. मला इतके महिने वाटत होतं की मी बाबांचं राहिलेलं काम करते आहे. बाबांनी ते राहू दिलं होतं. त्यांच्याजवळ वेळ होता. शब्दही होते. आईसमोर ते कोणत्या तोंडाने लिहायचं हे त्यांना सुटलं नव्हतं, आणि माझे सातही मसुदे त्या वरच्या मजल्याच्या खिडकीखालून, मान वर न करता निघून गेले होते.

आई म्हणाली, "आणखी एक आहे. दहाव्याच्या दिवशी जगन्नाथ मोठ्याने बोलला."

"हो."

"तो बोलत होता तेव्हा मीही बोलले. मनात. म्हटलं, हिला मी अडकवून ठेवणार नाही, तुम्ही काळजी करू नका." तिने मेथीच्या देठांचा ढीग हाताने सारखा केला. "तेवढ्यात कावळा उतरला. कोणाचं ऐकून आला ते कावळ्याला माहीत. मी सोयीचं ते धरलं."

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. एप्रिल ते ऑक्टोबर माझ्या डोळ्यांसमोरून गेले, ब्रेडची गाडी, 'तथापि', दुखणारा गुडघा. पण ती तिथे खिडकीशी बसली होती, आणि मला तिच्या जागी ती तरुण बाई दिसली, पिशवी हातात धरून उघड्या दारासमोर उभी. माझा राग तिच्यापर्यंत पोचेना. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू गेली असतीस.

त्यानंतर ते प्रकरण दोन दुपारींत लिहून झालं. आई सांगत होती, मी लिहीत होते. तिने पहिल्याच दिवशी अट घातली, माझं नाव नको, माझं काही नको, हे गावाचं आहे. मी म्हटलं, बरं. मग क्रुसापुढे फुलं ठेवणाऱ्या बायका आल्या, मंगळवारची ब्रेडची गाडी आली, बर्फ पडल्यावर चढणीवर राख टाकणारा माणूस आला, शाळेची घंटा आली जी वाऱ्याच्या दिवशी आपोआप वाजायची. यातलं काहीही वेबसाइटवर नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "गावाच्या इतिहासात बसथांबा येतो का?"

"येतो."

"मग तेवढं लिही. बाजाराच्या दिवशी लिंकनला बस जायची. आता जात नसेल."

मी पाहिलं, खरंच जात नव्हती. तसं लिहिलं. वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली, आणि मी वाट बघत राहिले की आता रस्ता उतरेल, गुरुवार होईल, एखादा शब्द बाबांचा वाटणार नाही. ती म्हणाली, जगन्नाथला पाठव.

जगन्नाथकाकांचा संध्याकाळी फोन आला. गहिवरले होते. म्हणाले, अगदी गुरुनाथच बोलतोय असं वाटलं. आई शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने भुवया उंचावल्या आणि कुकरची शिटी काढायला गेली.

पोर्टलंडचं तिकीट मी काढलं तरी मला जाता येईल असं वाटत नव्हतं. सगळे म्हणाले, जा आता, वचन पुरं झालं. हीच माणसं. प्रीताने आईच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर सगळ्यात वर आणून ठेवला. मी औषधांचे डबे भरले, फ्रीजरमध्ये पोळ्या रचल्या, घर तापवणाऱ्या भट्टीचं फिल्टर बदलून घेतलं. काम संपलं की दुसरं शोधून काढत होते. इतके महिने आपल्याला कोणी धरून ठेवलंय असं म्हणायची सोय होती. आता ती नव्हती, आणि पाय तिथेच होते.

निघायच्या सकाळी खाली बर्फाची पहिली भुरभुर होती. टॅक्सी वळणावर येऊन उभी राहिली. आई दारापर्यंत आली, शाल घेऊन, टेबलाचा आधार न घेता. मी बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली आणि तिच्या पाया पडले. उठल्यावर तिने विचारलं, "ती ॲलिस परत आली का शेवटी?"

"नोंद नाही."

"म्हणजे नाही आली." मग जरा थांबून, "वर्ष आणि एक दिवस शहरात काढला की सुटायची ना ती माणसं? तुझ्या बाबांनी खाली बारीक अक्षरात लिहिलंय."

"हो."

"पोर्टलंड शहरच आहे ना?"

मी हो म्हटलं. पण हलले नाही. माझा एक हात दारावर होता. आत बाबांची खुर्ची दिसत होती, तिच्यावर या वर्षीचा अंक, जेवणाच्या टेबलावर आईचा एकटीचा कप. टॅक्सीवाला खाली उतरला होता आणि डिकी उघडून उभा होता. थांबला होता.

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सावनी, आत किंवा बाहेर, काय ते एक कर," ती म्हणाली. "सगळी हीट चाललीय."

मी बाहेर पाऊल टाकलं आणि दार ओढून घेतलं.